मक्या

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी माणसे तीन आणि साप एक असा संसार आहे. आमच्या गावच्या पारावर हे वाक्य बोललो असतो तर कोणी मान वर करूनही पाहिले नसते. आमचे गाव सांगली जिल्ह्यातले, बत्तीस शिराळ्यापासून हाकेच्या अंतरावर. शिराळ्याची नागपंचमी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या जिवंत नाग धरून आणीत, घरोघर पुजीत, त्यांची मिरवणूक काढीत, आणि ज्या बांधावरून आणले त्याच बांधावर पुन्हा नेऊन सोडीत. तेव्हा सापाबरोबर एका छपराखाली राहणे ही आम्हाला नवलाई नव्हे. नवलाई एवढीच, की माझी बहीण राहते इंग्लंडात, लंडनच्या पश्चिमेला स्लाव नावाच्या गावी. आणि तिच्या घरातला साप वळचणीतून उतरलेला नसून दुकानातून रोख पैसे मोजून, पावती घेऊन आणलेला आहे.

तो घरात आला तेव्हा मी तिथे होतो. नव्या घरात त्याचे बस्तान बसवण्याच्या कामात माझाही हात होता. तो हात नसता तर बरे झाले असते, हेच मला आज सांगायचे आहे.

बहीण नर्स आहे. २०२४ च्या जानेवारीत तिला तिथल्या एका रुग्णालयात नोकरी लागली आणि ती गेली. एप्रिलमध्ये मेहुणे आणि भाचा गेले. भाचा तेव्हा अकरावे वर्ष ओलांडत होता. कोल्हापुरात असताना ह्या मुलाचे तोंड म्हणून मिटत नसे. रंकाळ्यावर फिरायला नेले तर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही हा आपल्या सायकलची हकीकत सांगे. तिकडे गेल्यावर त्याला एका शाळेत घातला. जुलैत त्या शाळेची शेवटची इयत्ता संपली आणि सप्टेंबरात दुसऱ्या, मोठ्या शाळेत जावे लागले. रोप एकदा उपटून लावावे आणि मुळे धरायच्या आत पुन्हा उपटावे, तसे झाले. मुलगा बोलेनासा झाला. ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्या दोन शब्दांवर त्याचे सारे व्यवहार चालू लागले.

दर रविवारी बहिणीचा फोन येई. “दादा, पोरगं गप्प झालंय रे,” एवढेच तिचे पालुपद. मग आम्ही सगळे कामाला लागलो. संध्याकाळी तो दाराच्या आत पाऊल टाकतो न टाकतो तोच आई विचारी, “आज कुणाशी बोललास?” बाबा विचारीत, “मित्र झाला का कोणी?” रात्री फोनच्या पडद्यावर इकडून आजी विचारी, “डबा संपवलास का?” आणि मी मामा, त्यातून शाळामास्तर, मी तर प्रश्नांची वहीच उघडून बसे. त्याने उत्तर दिले नाही की आम्ही तोच प्रश्न जरा गोड आवाजात पुन्हा विचारीत असू.

ह्या मुलाने सहा महिन्यांत तोंड उघडून एकच गोष्ट मागितली. ती म्हणजे साप. घरमालकाने कुत्र्यामांजरांना बंदी केली होती. साप म्हटल्यावर तो हसला आणि पेटीत राहील तर राहू द्या म्हणाला. मेहुणे माळकरी. त्यांनी आधी कानांवर हात ठेवले. पण बहिणीने होकार दिला. आमच्याकडे पंचमीच्या आदल्या दिवशी बायका नागाला भाऊ मानून उपास करतात. तिनेही लहानपणापासून केलेला. ती म्हणाली, “माझा भाऊ घरात यायचा तर मी नको कशी म्हणू?” त्यावर मुलाने हिशेब मांडला, की आईचा भाऊ म्हणजे आपला मामाच झाला. त्या दिवाळीत त्या घरात दोन मामा पाहुणे होते. एक मी, मुंबईहून विमानाने आलेला. आणि एक तो, एका छोट्या डब्यातून मोटारीने आलेला.

मी पोहोचलो शुक्रवारी आणि शनिवारी, २६ ऑक्टोबरला, तो आला. मुलाला शाळेची आठवड्याची सुटी लागली होती, आणि नेमका हाच आठवडा त्याने निवडला होता. डबा उघडला तेव्हा मी जरा निराशच झालो. आमच्या मनातला साप म्हणजे पाच फुटी, फणा काढणारा. हा वीतभर लांब, पेन्सिलीएवढा जाड, अंगावर केशरी-तांबडे ठिपके. इंग्रजीत ह्या जातीला कॉर्न स्नेक म्हणतात. ही जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. मक्याच्या कोठारांभोवती उंदरांच्या मागे हिंडतो म्हणून हे नाव पडले असे काही म्हणतात. पोटावरची चौकडी रंगीत कणसातल्या दाण्यांसारखी दिसते म्हणून पडले असे दुसरे म्हणतात. विष मुळीच नाही. भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारतो. वाढला तर चार-पाच फूट होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. हे पिल्लूही रानातून धरलेले नव्हते. त्याचे आईबापही पाळलेलेच. अंड्यातून बाहेर आले तेच एका पेटीत. मी म्हटले, “कॉर्न म्हणजे मका. मग हा मक्या.” मुलगा हसला. आमच्या गावात मक्या नावाचा एक पैलवान होता हे त्याला ठाऊक होते.

मक्याचे घर दोन दिवस आधीच तयार होते. ह्या पोराने ते कसे मांडले होते हे पाहून मी थक्क झालो. साप आपल्या अंगची ऊब आपण तयार करू शकत नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. म्हणून काचेच्या पेटीच्या एका टोकाखाली विजेवर तापणारी पातळ चटई सरकवलेली, आणि ती ठराविक अंशापलीकडे तापू नये म्हणून तिला एक नियंत्रक जोडलेला. त्या टोकाला २८ ते ३० अंश, दुसऱ्या टोकाला २२ ते २४. ऊब हवी तेव्हा सापाने इकडे यावे, नको तेव्हा तिकडे जावे. तळाला अस्पेन नावाच्या झाडाचा लाकडी भुसा, आत तोंड खुपसून बीळ करता येईल इतका जाड. सीडरचा भुसा चालत नाही. त्याच्या उग्र वासाच्या तेलाने सापाची छाती बिघडते. पाण्याचे एक जड भांडे, कलंडू नये असे. वर घट्ट झाकण आणि त्याला दोन्ही बाजूंनी खिट्ट्या, कारण सापाचे डोके ज्या फटीतून जाते त्या फटीतून सबंध साप जातो.

आणि लपायला जागा. पण एक नव्हे, दोन. उबदार टोकाला नारळाची करवंटी, कडेला दाराएवढी खाच पाडून पालथी घातलेली. थंड टोकाला फुटक्या मातीच्या कुंडीचा अर्धा तुकडा. मी म्हटले, “एवढ्याशा जिवाला दोन-दोन बंगले कशाला?”

“मामा, एकच असला ना, तर तो उबेला येणारच नाही,” मुलगा म्हणाला. “त्याला आधी लपायला लागतं. थंडीत लपायला जागा असली तर तो तिथेच बसून राहतो. मग खाल्लेलं पचत नाही त्याला.”

एवढे सलग वाक्य त्याच्या तोंडून निघालेले मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. सुरक्षितपणा आणि ऊब ह्यांतले एकच निवडायची वेळ आली तर तो जीव सुरक्षितपणा निवडतो आणि उबेवाचून राहतो, हे त्या पोराने मला सांगितले. मी कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुधाची वाटी कुठे ठेवायची म्हणून विचारले. त्यावर तो पुन्हा हसला. साप दूध पीत नाही. त्याला ते पचतही नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप समोर येईल ते पितो, एवढाच त्या वाटीचा अर्थ.

नियम त्याने एका कागदावर लिहून भिंतीवर लावले होते. एक आठवडा हात लावायचा नाही. काचेवर टकटक करायची नाही. पेटीजवळ पाय आपटायचे नाहीत, कारण जमिनीचा हादरा सापाला जबड्याच्या हाडातून कळतो. पेटीच्या तीन बाजूंना त्याने तपकिरी कागद चिकटवला होता. बहीण त्या वेळी चकल्यांच्या गडबडीत होती. भाजणी आणि चटण्या दळण्याचे यंत्र तिने मुकाट्याने उचलून पलीकडच्या खोलीत नेले. मेहुण्यांनीही एक गोष्ट सोसली. सापाचे खाणे म्हणजे गोठवलेली उंदराची पिल्ले. त्यांचा डबा फ्रीजरच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोवलेल्या खोबऱ्यापासून लांब, दोरीने बांधून ठेवायची परवानगी त्यांनी दिली. आठवडाभर मक्याला असे राहू द्यायचे आणि सातव्या दिवशी पहिला घास द्यायचा, असे ठरले. त्या घरातली सगळी माणसे दबक्या पावलांनी चालू लागली.

सगळी, म्हणजे एक सोडून.

इंग्लंडातले घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असते. तिथे रात्रीचे दोन वाजले की इकडे आमच्या सकाळच्या शाळेची प्रार्थना सुरू होते. वीस वर्षांच्या सवयीने माझे डोळे दोनला टक्क उघडत. माझे अंथरूण बैठकीच्या खोलीत, आणि पेटीही तिथेच. पहिल्या रात्री मी उठून काचेतून पाहिले. काही दिसेना. मनात आले, मेला तर नसेल? एवढासा जीव, परका मुलूख, बाहेर कडाक्याची थंडी. पोराचा जीव त्याच्यात गुंतलेला. मी हळूच खिट्ट्या काढल्या, हात आत घातला आणि करवंटी उचलली. पाणीपुरीच्या पुरीएवढे वेटोळे करून मक्या बसला होता. मान उचलून त्याने जीभ दोनदा बाहेर काढली. मला बरे वाटले. करवंटी जागच्या जागी ठेवून मी झोपलो.

दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री तो करवंटीखाली नव्हता, म्हणून मी कुंडीचा तुकडा उचलला. चौथ्या रात्री भुसा बोटाने चाळला. वाचकहो, ह्यात माझ्या मनात वाईट काही नव्हते. मी कादंबऱ्या लिहितो. झाकलेले उघडून पाहणे हा माझा धंदा आहे, आणि त्यालाच आपण जिव्हाळा म्हणतो अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पाचव्या-सहाव्या रात्री मी उचलल्यावर तो जराही हलला नाही. मला वाटले, ओळख पटली.

शनिवारी पाडवा होता. संध्याकाळी मुलाने डब्यातले एक पिल्लू काढून कोमट पाण्यात ठेवले, पुरते वितळल्यावर पुसून कोरडे केले, चिमट्यात धरले आणि दिवे मंद करून करवंटीच्या दारापाशी नेले. आम्ही तिघे मोठी माणसे दारात श्वास धरून उभे. मक्याने डोके बाहेर काढले. क्षणभर जीभ लवलवली. मग एकाएकी त्याने मान मागे खेचली, तिचा वाकडा आकडा केला, शेपटीचे टोक थरथरले, आणि तो सर्रकन कुंडीखाली जाऊन दिसेनासा झाला. मुलाने घास रात्रभर आत राहू दिला. सकाळी तो तसाच होता.

मुलगा रडला नाही. त्याने आपली वही काढली. तीत रोज सकाळ-संध्याकाळचे दोन्ही टोकांचे अंश लिहिलेले होते. तो एकेक ओळ बोटाने तपासत गेला. अंश बरोबर होते. पाणी रोज बदललेले होते. तो पुन्हा पहिल्या पानापासून तपासू लागला. शेवटी मान वर न करता म्हणाला, “माझंच काहीतरी चुकलं असणार, मामा. त्याला आवडलं नसणार इथं.”

वर्गात मी हजारो मुलांच्या चुका तपासल्या आहेत. पण दुसऱ्याची चूक आपल्या वहीत शोधणारे मूल समोर बसले असता गप्प राहणे काय असते, ते मला त्या सकाळी कळले. आणि त्याबरोबर एक जुने मडके मनात वर आले.

१९९० सालची नागपंचमी. मीही तेव्हा अकरा वर्षांचा. आमच्या गल्लीच्या मंडळींनी एक नाग धरला होता आणि त्याचे मडके आमच्या माजघराच्या कोपऱ्यात ठेवले होते. मडक्याच्या तोंडाला फडके बांधलेले. पंचमीला अजून बारा दिवस होते. वडील दिवसातून एकदा फडके सोडून पाहत, कधी बेडूक सोडीत, कधी उंदीर, आणि पुन्हा बांधून टाकीत. मला ताकीद होती, “आरं, त्येच्या वाटंला जाऊ नगंस. त्येला अंधारात पडू दे.” पण दुपारी घर निजले की मी लांब काडी घेऊन फडक्याची कड उचली आणि फटीतून बघे. पहिल्या दिवशी तो असा फुसकारला की मी उताणा पडलो. तरी मी रोज जाई. दिवसातून दोनदा, तीनदा. आठव्या-नवव्या दिवशी तो फुसकारेनासा झाला. मला आनंद झाला. मला वाटले, ओळख पटली.

आत टाकलेला बेडूक तसाच राहतो आहे हे वडिलांच्या ध्यानात आले होते. कारण उमगले नव्हते. पंचमी झाली, मिरवणूक झाली, आणि आम्ही त्याला बांधावर सोडायला गेलो. इतरांची मडकी आडवी केली तसे त्यांतले नाग सळसळत उसात शिरले. आमचा मडक्याच्या तोंडाशीच पडून राहिला. वडिलांनी मडक्याच्या बुडावर दोनदा थोपटले तेव्हा तो बाहेर आला आणि म्हाताऱ्या माणसासारखा, थांबत थांबत गेला. वडील म्हणाले, “ह्येला कुणी इसावाच घेऊ दिला न्हाई काय?” मी उसाकडे बघत उभा राहिलो. वडील २०११ साली गेले. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितले नाही.

आता ती मडकी राहिली नाहीत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. पण शिराळ्यात तो नीट पोहोचायला उच्च न्यायालयाचा आदेश आणि २०१४ साल उजाडावे लागले. त्यानंतर जिवंत नागाची पूजा आणि मिरवणूक बंद झाली. जुनी मंडळी हळहळली. चारचौघांत मीही हळहळलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या एका मडक्यापुरते मला सुटल्यासारखे वाटले होते. हे वाचून कोणा हौशी वाचकाने आपल्या शेतातला साप आणून पेटीत ठेवू नये. आपल्याकडे तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करण्यासारखे नाही. रानातल्या जिवाचे घर मांडलेलेच असते.

त्या सकाळी आणखीही एक आठवण आली. मडक्याची नव्हे, वर्गाची. आमच्या भागात दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि मराठवाड्यातून ऊसतोड करणाऱ्यांच्या टोळ्या येतात. त्यांची मुले चार-पाच महिने आमच्या शाळेत येतात, कधी येत नाहीत. काही वर्षांपूर्वी बीडकडचा एक मुलगा माझ्या पाचवीच्या वर्गात आला. मी मोठ्या मायेने त्याला पुढे बोलावले, खांद्यावर हात ठेवला, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. नाव विचारले, गाव विचारले, सकाळी काय खाल्लेस ते विचारले, एखादे गाणे येते का म्हणून विचारले. दुसऱ्या दिवशीही मधल्या सुटीत त्याला जवळ घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. मी त्यांच्या कोप्यांवर गेलो, तर मला लांबून पाहताच तो कोपीच्या मागे पळाला. मी आईबापांना शाळेचे महत्त्व सांगून परत आलो. त्या रात्री मी माझ्या रोजनिशीत लिहिले होते, की ह्या मुलांना शिक्षणाची गोडी नाही.

दुपारी भाऊबीज होती. बहिणीने पाट मांडला, मला ओवाळले. मग निरांजन हातात घेऊन ती जरा घुटमळली आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच, पेटीपासून दहा-बारा पावलांवरून, तिने मक्याकडे तोंड करून ते एकदा फिरवले. “लांबूनच बरं बाबा,” ती म्हणाली, “लपलाय तो.” मला राहवले नाही. ताटात ओवाळणी टाकून मी पाटावरून उठलो, मुलाच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि सगळे सांगितले. सात रात्री. करवंटी, कुंडी, भुसा.

तो माझ्याकडे बघत राहिला. “रोज?”

“रोज.”

“हात लावलास त्याला?”

“भुसा चाळताना एकदा लागला.”

त्याने वही उघडली आणि त्या त्या तारखेपुढे एकेक फुली केली. सात फुल्या झाल्या. त्या फुल्या पाहून, कसे सांगू, त्याचा चेहरा सैल झाला. आपले चुकले नव्हते, हे त्याला कळले होते. मग मी त्याला मडक्याची गोष्ट सांगितली, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. त्याने ती पुरती ऐकून घेतली. बराच वेळ तो काही बोलला नाही. नंतर पेटीकडे बघत, जणू मक्याबद्दलच बोलतो आहे अशा आवाजात, म्हणाला, “त्याला वाटत असेल, आता परत उघडणार. आता परत उघडणार.” आणि थोड्या वेळाने, “मला पण रोज विचारतात.”

मी उत्तर दिले नाही. आयुष्यात मी ज्या थोड्या गोष्टी नीट केल्या, त्यांत ही एक.

रात्री मुलगा झोपल्यावर स्वयंपाकघरात मी बहिणीला म्हटले, “थोडे दिवस त्याला काही विचारू नकोस. शाळेचं नको, मित्रांचं नको.”

ती भडकली. “दादा, मी आई आहे त्याची. दिवसभर परक्यांच्या पोरांना औषध घातलंस का, जेवलास का, विचारते. माझ्या पोराला नको विचारू? त्याला वाटेल, आईला पर्वाच नाही.”

ह्यावर माझ्यापाशी शहाणपणाचे उत्तर नव्हते. मी पेटीकडे बोट दाखवले. “चटई बंद कर असं कोण म्हणतंय? ती चालूच ठेवायची. फक्त करवंटी उचलायची नाही.” ती काही बोलली नाही. ओट्यावरचे पीठ पुसत राहिली. पण दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेतून आला तेव्हा तिने गरम थालीपीठ त्याच्यापुढे ठेवले आणि आपले काम करीत बसली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. न विचारण्याला किती बळ लागते ते मी तिच्या तोंडाकडे पाहून शिकलो.

उरलेले दिवस माझे अंथरूण मेहुण्यांच्या खोलीत हलवण्यात आले. ही शिक्षा भाच्याने सुनावली आणि मी ती आनंदाने भोगली. शुक्रवारी मी निघालो.

रविवारी फोन आला. बहिणीचा नव्हे, मुलाचा. “मामा, खाल्लं!” आदल्या संध्याकाळी त्याने पुन्हा घास दिला होता. मक्याने करवंटीतून डोके काढले, थांबला, आणि पापणी लवायच्या आत झडप घालून आत ओढून नेला. आता दोन दिवस हात लावायचा नाही, नाही तर तो खाल्लेले बाहेर टाकतो, हेही त्याने मला दोनदा बजावले. इतक्या लांबून मी काय हात लावणार होतो! तो बोलतच राहिला. बोलता बोलता एक नाव आले. वर्गातला कोणी मुलगा, ज्याला हे सगळे माहीत होते. नाव माझ्या ओठांपर्यंत आले. मी प्रश्न गिळला आणि म्हटले, “मग? पुढं काय झालं?” मक्याचे पुढे काय झाले, एवढाच त्याचा अर्थ. त्याने बाकीचेही सांगितले.

मक्या आता दोन फुटांच्या वर गेला आहे. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधी-निळे होतात आणि त्याला नीट दिसत नाही. त्या दिवसांत भाचा पेटीच्या चौथ्या बाजूलाही कागद लावतो. त्याला हे कोणी सांगावे लागत नाही. मुलगा अजून कोल्हापुरातल्याइतका बोलत नाही. बोलतो तेवढे बोलतो.

मी परत आलो त्याच महिन्यात आमच्याकडे हंगाम सुरू झाला आणि टोळ्या आल्या. एक मुलगी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला पुढे बोलावले नाही. मागच्या भिंतीकडची, खिडकीजवळची जागा मोकळी होती. ऊन तिथेच येते. ती दाखवली, फळ्याकडे वळलो आणि भागाकार पुढे चालू केला. पाच दिवस ती कोणाशी बोलली नाही. पाचही दिवस माझी नजर तिकडे ओढ घेत होती, आणि मी ती फळ्यावर खिळवून ठेवीत होतो. सहाव्या दिवशी मी फळ्यावर एक उदाहरण लिहीत असता मागून बारीक आवाज आला, “गुर्जी, तिथं सात न्हाई, नऊ पायजे.”

खरोखरच नऊ हवे होते. मी पुसले आणि नऊ लिहिले.